परबकाकांचा उजवा कौल

परबकाका खजूर खाल्ला की बी टाकून देत नाहीत. ती धुतात, शर्टाला पुसतात आणि खिशात टाकतात. खिशात तिची जोडीदारीण आधीपासून असते. मग दिवसभरात काहीही करायची वेळ आली की दोन्ही बिया मुठीत धरायच्या, डोळे मिटायचे, ओठ हलवायचे आणि बिया समोर टाकायच्या. खजुराच्या बीला एका अंगाला चीर असते, दुसरं अंग गुळगुळीत. दोन्ही चिरा वर आल्या तर देवाचा होकार, दोन्ही खाली गेल्या तर नकार. एक वर, एक खाली असेल तर देव अजून विचार करतोय, आपण तोवर चहा प्यावा.

आम्ही दोघं कुवेतमध्ये लिफ्ट दुरुस्त करतो. कंपनीचं वर्कशॉप राईला, राहणं फरवानियाला, एकाच फ्लॅटमध्ये. मी मिरजेचा. देवाला नमस्कार करतो, पण त्याच्या मागे रोजचं काम लावत नाही. परबकाका कणकवलीकडचे. काळजी हा त्यांचा मूळ धंदा आणि लिफ्ट हा जोडधंदा. स्वतः दुरुस्त केलेल्या लिफ्टमध्ये ते आधी मला चढवतात. "तू तरणो आसस रे पाटला, काय झाला तरी हाडा लवकर जुळतली," असं म्हणतात आणि मी सुखरूप खाली येईपर्यंत दारात हात जोडून उभे राहतात.

एकदा सलव्याला एका बंगल्यातली लिफ्ट बिघडली होती. घरधनी कुवेती, वयस्क, गुडघ्याने अधू. परबकाकांनी पॅनेल उघडण्यापूर्वी संगमरवरी फरशीवर बिया टाकल्या. दोन्ही चिरा खाली. पुन्हा टाकल्या, पुन्हा तेच. घरधन्याने काठी टेकत विचारलं, "शिनू हाधा?" म्हणजे हे काय चाललंय? परबकाका गंभीरपणे म्हणाले, "टेस्टिंग, बाबा." देव राजी होईपर्यंत आम्ही त्या घरचा सगळा चहा संपवला. बिघाड साधा होता, एक फ्यूज उडाला होता. पण घरधन्याने कंपनीला फोन करून सांगितलं की इतकं काळजीपूर्वक टेस्टिंग करणारा माणूस मी आजवर पाहिला नाही.

हा झाला किरकोळ कारभार. मोठे प्रश्न गावी जायचे. गावच्या देवळात गुरव देवाच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालून कौल मागतो. उजवीकडची पाकळी आधी पडली तर उजवा कौल, म्हणजे कर. डावीकडची पडली तर गप्प बस. मुलीचं लग्न, विहिरीची जागा, कुवेतचं काँट्रॅक्ट पुढे चालू ठेवायचं की नाही, सगळं परबकाकांचा भाऊ देवळात जाऊन विचारायचा आणि फोनवर कळवायचा. एकदा कंपनीने त्यांना फोरमन करायचं ठरवलं, तर कौल डावा आला. परबकाकांनी सरळ नकार दिला. मॅनेजरने कारण विचारलं तर म्हणाले, "हेड ऑफिस नो अप्रूव्हल."

यंदा मात्र हेड ऑफिसलाच कुलूप लागलं. जत्रेतला पहिला नारळ कोणाचा यावरून गावात दोन तट पडले, प्रकरण कोर्टात गेलं आणि देऊळ बंद झालं. नेमकं त्याच वेळी सुनंदाकाकींचं, म्हणजे परबकाकांच्या बायकोचं, दुखणं उघडकीस आलं. हृदयाची झडप बदलायला हवी होती. गोव्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, लांबवू नका. येत्या गुरुवारचं ऑपरेशन ठरलं. आणि काकींनी पाय रोवले.

"देवाचो उजवो कौल येयसर मी टेबलार झोपूचंय नाय," त्या फोनवर म्हणाल्या. फोन स्पीकरवर होता, मी कांदा चिरत होतो.

"अगे, देवळाक कुलूप आसा!"

"देव खयचो पण चालात. पण इचारणारो तुम्हीच व्हये. भावजी नको, गुरव नको. माझ्या काळजाचा तुम्ही इचारा."

परबकाकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना त्याच आठवड्यात माझ्याबरोबर तैपेईला जायचं होतं. कंपनीने नवीन जातीची कंट्रोल पॅनेल्स घेतली होती आणि आम्हा दोघांना ती शिकायला तैवानला धाडायचं ठरवलं होतं. रजा मंजूर होती, पण ट्रेनिंगनंतरची. परबकाकांनी मॅनेजरच्या हातापाया पडून पाहिलं. उपयोग झाला नाही.

"मग बिया टाका की," मी म्हणालो.

ते माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिले की मी कांद्यात तोंड खुपसलं. "तिच्या काळजाचो प्रश्न खजुराक इचारू?"

तैपेईत परबकाकांचं कशात लक्ष नव्हतं. जेवताना घास हातात धरून बसायचे. ट्रेनिंग देणारा तरुण इंजिनिअर 'ब्रेक' म्हणाला की दचकायचे. शेवटी मीच त्याला विचारलं, बाबा, तुमच्या गावात असा कुठला देव आहे का, जो विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देतो? मला वाटलं तो हसेल. तो म्हणाला, "नगराचा देव. जुन्या बाजारात. माझी आई दर महिन्याला जाते."

बुधवारी ट्रेनिंग सुटल्यावर आम्ही तिथे गेलो. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी. काकी हॉस्पिटलात दाखल झाल्या होत्या, पण सहीचा कागद त्यांनी उशाखाली दाबून ठेवला होता.

त्या जुन्या बाजारात दोन्ही बाजूंना सुक्या मासळीची आणि जडीबुटीची दुकानं. परबकाका वास घेऊन जागच्या जागी थबकले. "सुको बाजार! ह्यो देव आपलोच आसतलो," ते म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा जरा मोकळा झाला. देऊळ ताओ पंथाचं, फार जुनं आणि आमच्या फरवानियाच्या फ्लॅटपेक्षा फार मोठं नसेल. नगराचा राखणदार देव काळवंडलेल्या चेहऱ्याने आत बसला होता, भोवती त्याचे सरदार आणि कारकून. त्याच देवळात लग्न जुळवणारा एक पांढऱ्या दाढीचा देवही होता. त्यामुळे रांगेत नवरा मागायला आलेल्या वीस-बावीस वर्षांच्या मुली आणि त्यांच्यामध्ये हातात उदबत्त्या घेतलेले आमचे परबकाका. मुली कौतुकाने बघत होत्या. या वयातसुद्धा आशा सोडली नाही म्हणून.

देवळात मदत करणाऱ्या एका आजीबाईंनी आम्हाला समजावून सांगितलं. त्या बोलत आणि त्यांचा मोबाईल ते इंग्रजीत सांगे. लाकडाचे दोन लाल तुकडे, चंद्रकोरीच्या आकाराचे. एक अंग सपाट, एक फुगीर. नाव, जन्मतारीख, पत्ता आणि प्रश्न सांगायचा, तुकडे जमिनीवर टाकायचे. एक सपाट आणि एक फुगीर वर आला तर होकार. दोन्ही फुगीर वर आले तर नकार. दोन्ही सपाट वर आले तर देव हसतोय, प्रश्न नीट विचारा. मोठ्या कामाला तीनदा टाकतात.

परबकाकांना पत्त्याने अडवलं. गावचा सांगू की कुवेतचा? शेवटी दोन्ही सांगायचे ठरले, म्हणजे देवाची फेरी फुकट जायला नको. मग त्यांनी डोक्यावर रुमाल टाकला, गुडघे टेकले आणि मोठ्याने गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! आज तुझा लेकरू ह्या मुलखात तुझ्या पायाशी इला हा. तेच्या घरकारणीच्या काळजाचा ऑपरेशन ठरला हा. ती तुझ्या हुकमाशिवाय हलणा नाय. चुकला माकला पोटात घाल आणि काय तो कौल दी रे म्हाराजा!"

आणि मला कोपर मारलं. गाऱ्हाण्याला बाजूच्या माणसाने 'व्हय म्हाराजा' म्हणावं लागतं, त्याशिवाय ते देवापर्यंत पोचत नाही. मी मिरजेचा, मला ही सवय नाही. रांगेतल्या मुली बघत होत्या. मी पुटपुटलो, "व्हय म्हाराजा." परबकाकांनी पुन्हा कोपर मारलं. मी ओरडलो.

पहिल्यांदा टाकले. दोन्ही सपाट वर.

"हसता?" परबकाकांचा आवाज चिरकला. "हेच्यात हसण्यासारख्या काय आसा?"

"काका, तुमच्या बियांच्या हिशेबाने हा होकार झाला," मी घाईने म्हणालो. मला खरोखरच ते देऊळ सोडायचं होतं.

"ज्या देवळात इलंव, तेचो कायदो पाळूक व्हयो," ते म्हणाले आणि तुकडे उचलले.

दुसऱ्यांदा दोन्ही फुगीर वर. नकार. परबकाकांनी गाऱ्हाणं पुन्हा पहिल्यापासून घातलं, काकींचं माहेरचं नावसुद्धा सांगितलं. तिसऱ्यांदा टाकायला त्यांचे हात उघडेनात. आजीबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तुकडे पडले. दोन्ही फुगीर वर.

आजीबाईंचा मोबाईल म्हणाला, "दुसऱ्या एखाद्या दिवशी पुन्हा या." दुसरा दिवस कुठला? मी काहीतरी बडबडू लागलो, देवाला मराठी कळलं नसेल, लाकूड एका बाजूला जड असेल. परबकाका ऐकतच नव्हते. आम्ही बाहेर पायरीवर येतोय तोच फोन वाजला. काकींचा व्हिडिओ कॉल. मी म्हणालो, "उचलू नका."

त्यांनी उचलला. हॉस्पिटलची हिरवी चादर गळ्यापर्यंत ओढलेल्या काकी पडद्यावर दिसल्या. चेहरा एवढासा झालेला.

"इचारलात?"

मला त्या क्षणी परबकाकांची भीती वाटली. बढती नाकारणारा हा माणूस. देवाचा शब्द म्हणजे शब्द. आता हे खरं सांगणार आणि त्या बाई उठून घरी जाणार.

"इचारलंय तर!" परबकाका एवढ्या मोठ्याने म्हणाले की रांगेतल्या मुली वळल्या. "उजवो! लखलखीत उजवो दिल्यान! ह्यो बघ देव, ह्यो बघ!" त्यांनी फोन गाभाऱ्याकडे धरला. जोरात वर-खाली केला, म्हणून काकींना देव हलताना दिसला असेल.

काकींनी उशाखालचा कागद ओढून काढला. मग म्हणाल्या, "बरा मगे. सही करतंय. तुम्ही जेवलात?"

"जेवलंय," परबकाका म्हणाले. हेही खोटंच होतं.

फोन ठेवून ते मागे वळले, चपला तिथेच सोडून पुन्हा आत गेले आणि देवासमोर उभे राहिले. मी मागोमाग. या वेळी त्यांनी तुकडे घेतले नाहीत. आवाज हळू होता.

"बा देवा म्हाराजा, मी खोटा बोललंय. तुझ्या दारात उभो रवान बोललंय. तिका ह्यातला काय ठावक नाय. तिच्या वाटेक जाव नको. जो काय दंड आसात तो माझ्या पदरात घाल रे म्हाराजा."

आणि सवयीने मला कोपर मारलं.

मी त्यांच्या अनवाणी पायांकडे बघत राहिलो. त्यांनी पुन्हा मारलं, पुन्हा मारलं. मग माझ्याकडे वळून पाहिलं, आणि इतक्या अजिजीने की मी मान खाली घालून म्हटलं, "व्हय म्हाराजा." आयुष्यात इतकं वाईट मला क्वचितच वाटलंय.

ऑपरेशन नीट झालं. वर्गात पॅनेलच्या वायरी जोडत असताना भावाचा फोन आला. परबकाका बाकाखाली बसले आणि लहान पोरासारखे रडले, इंजिनिअर घाबरून पाणी घेऊन आला. ट्रेनिंग संपल्यावर ते तसेच गावी गेले, काकींच्या उशाशी रजा काढली आणि परत आले.

आता आमच्या फ्लॅटमध्ये नवाच प्रकार चाललाय. पूर्वी शिंक आली तरी घाबरणारा हा माणूस हल्ली दुखण्याची वाट बघतो. बोट दारात चेमटलं की चेहरा खुलतो. उन्हाने अंग भाजलं, मॅनेजरने झापलं, बस चुकली की म्हणतात, "चला, तेवढा तरी फिटला." मागच्या आठवड्यात दाढ ठणकायला लागली. गाल सुजून वर आला. मी सरळ फरवानियातल्या दातांच्या डॉक्टरची वेळ घेतली आणि सांगितलं, उद्या संध्याकाळी, नाही म्हणायचं नाही.

तेवढ्यात काकींचा व्हिडिओ कॉल आला. त्या सांगत होत्या की आज पहिल्यांदाच एकट्या घाटी चढून वरच्या वाडीत जाऊन आल्या, कुठे थांबल्या नाहीत, दम लागला नाही. परबकाकांनी सुजलेला गाल फोनपासून लांब धरला होता, काकींना दिसू नये म्हणून. मग फोनवर तळहात ठेवून माझ्याकडे झुकले. डोळ्यांत दुखण्याचं पाणी होतं आणि ते हसत होते.

"आयकलंस मां? जितकी ही दुखता, तितकी ती चालता."

मी आत गेलो आणि डॉक्टरची वेळ दोन दिवस पुढे ढकलली.