बॉनेटवरचं नसराळं

इंजिनाच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये! म्हणजे सत्त्याण्णव सालच्या डिसेंबरपर्यंत माझं असंच मत होतं. गाडीला काय लागतं? पेट्रोल आणि हवा. पेट्रोलला पैसे पडतात, हवा फुकट. मग फुकटची जास्त घाला की! एवढी साधी गोष्ट मोठमोठ्या इंजिनिअरांना सुचली नाही आणि फलटणच्या पाटबंधारे खात्यातल्या नागसेन बनसोडे नावाच्या कनिष्ठ लिपिकाला सुचली, याचा मला फार अभिमान होता.

आता हे वेड डोक्यात शिरलं कसं, ते सांगतो. जूनमध्ये माझी बायको आम्रपाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघाली, आटपाडीला. तिला न्यायला माझ्या सासूबाई, भामाबाई, आल्या होत्या. मी म्हटलं, एस्टीनं कशाला, आपली गाडी आहे की! गाडी तीन मालकांच्या हातून आलेली, पण रंग नवाकोरा होता. आत आम्ही तिघं, दोन पोती गहू आणि एक ट्रंक. मोगराळे घाटात तिसऱ्या वळणावर गाडीनं मान टाकली! सात महिन्यांची गरोदर बायको उन्हात पायी घाट चढली आणि सासूबाईंनी गाडी ढकलली. घाटमाथ्यावर त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडं असं बघितलं की मी स्टिअरिंगखाली काहीतरी शोधायला लागलो.

ऑगस्टमध्ये मुलगी झाली. मी एस्टीनं गेलो. विहारात नाव ठेवलं, घरात सगळे पिंकी म्हणायला लागले. त्या दिवशी अख्ख्या आटपाडीनं पोरगी घेतली. माझ्या वाट्याला दोन मिनिटं आली, तीही झोपलेली! निघताना मी हळूच विचारलं, "आई, आता न्यायचं कधी?"

"पावनं," सासूबाई म्हणाल्या, "तान्हं लेकरू मी यस्टीच्या धक्क्यात धाडायची न्हाई. तुमची गाडी कुनी न ढकलता घाट चढून माज्या दारात उभी करा. मग खुशाल न्या!"

मला झोंबलं. मी मनाशी म्हटलं, आता येईन तर गाडीनंच!

माझा मित्र प्रबुद्ध हायस्कूलला विज्ञान शिकवतो. तो म्हणाला, "अरे येड्या, तिकडनं येताना घाट उतार हाय! पोरीला घेऊन चढायचाच न्हाई!"

"हे तू माझ्या सासूला सांग," मी म्हटलं.

मग मी गुंडाकडं गेलो. गुंडा मिस्त्री उसाच्या ट्रॅक्टरांचा राजा! त्यानं बॉनेट उघडलं, इंजिनावरच्या हवा गाळायच्या काळ्या डब्याकडं बघितलं आणि जीभ चावली.

"सायेब, तुमची गाडी नाक दाबून पळतीया! ह्यो डबा काढा. पुन्याहून पावर फिल्टर आनतो. लय स्वस्त हाय, आन् गाडी अशी पळंल, तुमाला दोरीनं बांधावी लागंल!"

पावर फिल्टर आला. चकचकीत, पेढ्याएवढा. गुंडानं त्याखाली पत्र्याचा एक पंखा कापून बसवला. हवा म्हणे गरगरत आत जाते! तरी त्याचं समाधान होईना. "ट्रॅक्टर हवा वरनं घेतो. आपनबी वरनं घ्यायची." त्यानं बॉनेटला भोक पाडलं आणि टिनवाल्याकडून करून आणलेलं हातभर उंचीचं नसराळं त्यावर बसवलं. तोंड एवढं मोठं की आत कोंबडी बसावी.

चाचणी लोणंद रस्त्यावर झाली. गाडीचा वेगाचा काटा बंद होता, म्हणून वेग आम्ही कानानं मोजला. आवाज काय सांगू! बायका दारं लावून घ्यायला लागल्या!

"बघा! दुप्पट पळती का न्हाई?" गुंडा ओरडला.

"तिप्पट!" मी ओरडलो. तेवढ्यात उसानं भरलेली एक बैलगाडी बरोबरीनं आली, पण ती उतारावर होती, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

प्रबुद्धनं मात्र कपाळावर हात मारला. "नाकपुड्या फेंदारल्या म्हणून कुणी शर्यत जिंकतं का रं? इंजिनाला लागती तेवढी हवा त्या काळ्या डब्यातनं मिळत हुती. त्यात गाळून मिळत हुती! आता गरम हवा आन् धुरळा मिळंल. तू नुसता आवाज वाढवलायस!"

जळतो मेला, असं मी मनात म्हटलं.

या सगळ्यात साडेतीन महिने गेले. प्रत्येक रविवार गुंडाकडं. घरी पाळणा आणून टांगला होता. ऑफिसातून आलो की त्याला एक झोका द्यायचो आणि रिकाम्या पाळण्याची कडी करकरायची, ते ऐकत चहा प्यायचो. आम्रपालीची पत्रं यायची. 'पिंकी कुशीवर वळायला लागली.' 'पिंकी आता नाव घेतलं की बघते.' 'डावा कान तुमच्यासारखा आहे.' तो कान मला आठवेचना! पत्र घेऊन आरशापुढं उभा राहिलो, स्वतःचा डावा कान बघितला. एवढासा असेल, असं बोटानं माप घेतलं आणि मला एकदम भरून आलं. मग मी उत्तर लिहायला बसलो आणि लिहिलं काय? 'फिल्टर बसला. नसराळ्याचं काम बाकी आहे.' खरंच असं लिहिलं हो मी!

डिसेंबरातल्या रविवारी पहाटे निघालो. सीटवर झबलं, खुळखुळा, बायकोसाठी अबोली रंगाची साडी. घाटाच्या पायथ्याशी आलो. पहिला गियर टाकला. नसराळं बोंबललं, माकडं पळाली, आणि गाडी चढली! कुणी न ढकलता चढली! माथ्यावर उतरून मी बॉनेटची पापी घेतली आणि ओठ भाजून घेतले. गाडीत या वेळी गर्भार बायको नाही, सासूबाई नाहीत, गव्हाची पोती नाहीत, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. श्रेय सगळं फिल्टरला!

दहिवडी गेली, म्हसवड गेलं, दिघंची गेली. आटपाडी दोन कोसांवर आली आणि रस्त्यावर हुलगा लागला.

आमच्या दुष्काळी भागात एक चाल आहे. हुलगा, म्हणजे कुळीथ, काढला की वाळवून डांबरी रस्त्यावर पसरायचा. एस्टी, ट्रक, जीप त्यावरून जातात आणि चाकांनी आपोआप मळणी होते. सगळ्याच गाड्या जातात. पण सगळ्या गाड्यांच्या डोक्यावर नसराळं नसतं! पुढच्या ट्रकनं भुसकटाचा ढग उठवला आणि माझ्या गाडीनं तो दोन घासांत गिळला. गाडी खोकायला लागली. त्यातच हुलग्याचे वेल मागच्या चाकात गुंडाळले गेले. मी गाडी थांबवली, पण इंजिन चालू ठेवलं, कारण बंद केलं तर परत चालू होईलच असं नव्हतं. मागं जाऊन वाकून वेल ओढत बसलो.

रस्त्याकडेला दाताळं घेऊन एक म्हातारी उभी होती. राहीबाई तिचं नाव, हे नंतर कळलं. तिनं नसराळं बघितलं, थरथर ऐकली आणि रानात हाक दिली, "आगं ये! मळनीचं मिशन आलंया! हुलगा आना बिगीबिगी!"

मला वाटलं, दुसऱ्याच कुणाचं मशीन आलं असेल. मी वेल ओढतोय. तेवढ्यात पुढून खडाखडा आवाज आला. मग खाडखाड. मग धाड! आणि एकदम शांत.

पळत पुढं आलो, तर राहीबाई रिकामी पाटी घेऊन उभी! आणि तिच्यामागं पाट्या घेतलेल्या चार बाया रांगेत!

"आवं मिशनवालं," ती म्हणाली, "मागनं नुसताच धूर आला. दानं कुठनं पडत्यात?"

"आजी! ही मोटार हाय! माणसं बसायची मोटार!"

"मग ह्यो सुपासारखा जबडा कशाला लावलाय?"

मी त्या जबड्यात डोकावलो. नसराळं काठोकाठ भरलेलं. पेढ्याएवढा पावर फिल्टर फाटून चपाती झालेला, आणि पत्र्याच्या पंख्याखाली पार इंजिनाच्या घशापर्यंत हुलगा! मी तिथंच डांबरावर बसलो. आटपाडी दोन कोस राहिली होती, पोरगी दोन कोस राहिली होती, आणि मला रडू फुटलं.

म्हातारी घाबरली. "रडू नगा वो! माजी पाटीभर गेली तर मी रडतीया व्हय? कुनाकडं निगालाय?"

"लेकीकडं. चार महिन्यांची हाय. कडेवर घेतली न्हाई अजून नीट."

तिनं सरळ पोराला हाक मारली. "धुळा! बैलं जुप!"

धुळा गडी चांगला, पण वाटभर विचारत होता, "सायेब, पावर म्हंजी नक्की किती वो?" त्याची खिलारी जोडी पुढं, दोरखंडानं बांधलेली माझी गाडी मागं. अशी आमची स्वारी आटपाडीत शिरली. सासूबाई दारातच!

"जय भीम, आई," मी खिडकीतून म्हटलं. "गाडी घाट चढली. कुणी ढकलली न्हाई."

सासूबाईंनी आधी गाडीकडं बघितलं, मग बैलांकडं. "ढकलू नका म्हनलं, तर वडून आनली व्हय?"

मागून आम्रपाली आली. कडेवर पिंकी. केवढी झाली होती! टकामका बघत होती. डावा कान खरंच माझ्यासारखा! मी हात पुढं केले, तर पोरीनं माझं धुरानं काळंकुट्ट झालेलं तोंड बघून असा भोंगा पसरला की बैल बुजले.

"तिला तुमची वळख न्हाई," आम्रपाली म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "आईनं न्यायला अट घातली हुती. भेटायला यायला कुनी घातली हुती? फलटनची यस्टी रोज अकराला येती. दर रविवारी मी हिला न्हाऊमाखू घालून दारात घिऊन उभी ऱ्हायची. सगळी उतरायची. तुमी तेवढं न्हाई. आन् पत्रात काय, तर नसराळं!"

मंडळी, साडेतीन महिन्यांचे चौदा रविवार डोळ्यांपुढून गेले. खात्यातल्या साहेबांचे बोल मी खाली मान घालून ऐकतो आणि विसरतो. हे विसरता आलं नाही. "चुकलं माझं," एवढंच म्हटलं.

गाडी तिथंच घरामागच्या परड्यात राहिली. संध्याकाळच्या एस्टीनं एकटाच फलटणला आलो. पुढच्या रविवारी परत गेलो, एस्टीनं. पिंकी रडली. त्याच्या पुढच्या रविवारी लांबून बघत राहिली. तिसऱ्या रविवारी तिनं माझं बोट धरलं, आणि मी दोन तास हललो नाही, पायाला मुंग्या आल्या तरी!

चौथ्या रविवारी एस्टीतून उतरून दारात आलो, तर पोरगी आम्रपालीच्या कडेवरून सरळ माझ्याकडं झेपावली! मी तिला छातीशी धरली. सासूबाई चुलीपाशी बसून बघत होत्या. डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "पोरीनं बाप वळाकला. आता न्या, पावनं."

मला आनंदानं काही सुचेना. मी विचारलं, "आई, पण नेऊ कशानं?"

"यस्टीनं!" सासूबाई म्हणाल्या. "दुसरं काय हाय तुमच्याकडं?"