वरच्या मजल्यावरचं पात्र

त्या रविवारी माळा साफ करायचा नव्हता, एवढ्याच कारणासाठी मी लेखक झालो.

कुसुमने सकाळीच स्टूल काढून ठेवलं होतं. मी म्हणालो, "आज मराठी मंडळात नवलेखकांचं शिबिर आहे. मला जायलाच हवं." ती प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे खोटी कारणं ऐकण्याचा तिला सराव आहे. पण हे कारण तिला (खरं तर मलाही) इतकं नवीन होतं, की तिने मुकाट्याने स्टूल परत ठेवलं.

शिबिराला ठाण्याहून सिल्वासाला केदारसर आले होते. त्यांचं एकच पुस्तक आहे आणि ते पुस्तक कसं लिहावं यावर आहे. समोर आम्ही, म्हणजे निम्मे निवृत्त आणि निम्मे निवृत्तीकडे डोळे लावून बसलेले. पहिल्या रांगेत लखन पाटील. मूळचा धुळ्याकडचा, जवळच्याच रांध्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर, शिफ्ट संपवून थेट आलेला.

"वाचकाला पहिल्याच वाक्यात पकडा," सर म्हणाले.

"आन् मंग?" लखनने विचारलं.

"मग सोडू नका."

"आन् त्यानं हात सोडवून घेतला तं?"

सर पाणी प्यायले.

मग म्हणाले, विशेषणं काढून टाका. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी आपल्या कवितेतली विशेषणं तिथल्या तिथे खोडली. शीर्षक उरलं. मग म्हणाले, शब्दमर्यादा पाळा, संपादकाला फोन करून 'मिळालं का' असं विचारू नका, नकार आला तर खचू नका. (नकाराविषयी सर फारच जिव्हाळ्याने बोलले.) एवढं ऐकायला लोक जेवणाची वेळ टळेपर्यंत बसतात, या विचाराने मला त्यांची कीव येत होती. तेवढ्यात सर म्हणाले, "पात्रं शोधत फिरू नका. आजूबाजूची माणसं घ्या. फक्त नाव आणि एखादी खूण बदला, म्हणजे कुणी ओळखणार नाही."

माझ्या डोळ्यांपुढे ताबडतोब भगवंतराव उभे राहिले.

सिल्वासातल्या टोकरखाड्याच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आम्ही खालच्या मजल्यावर आणि भगवंतराव वरच्या. ते आमच्या ऑफिसचे अधीक्षक. घरात काही काम निघालं की यांची कंबर धरते. समोरचा बोलू लागला की "ते जाऊ दे, आधी माझं ऐक." भाजीवालीला भाजी कशी विकावी ते शिकवतात, रिक्षावाल्याला रस्ता. असा माणूस डोक्यावर राहत असताना मी इतकी वर्षं नुसत्या फायली लिहीत बसलो होतो.

गोष्ट लिहिली. भगवंतरावांना झुपकेदार मिशी आहे. मी ती काढली, चष्मा लावला आणि नाव ठेवलं नीलकंठराव. असं सोलून काढलं त्यांना, की लिहिता लिहिता मीच हसत होतो. मंडळाच्या स्मरणिकेत ती छापूनही आली.

एका संध्याकाळी कुसुम म्हणाली, "स्मरणिका काल वर देऊन आले. कावेरीवहिनींना म्हटलं, ह्यांची गोष्ट आहे, साहेबांनाही दाखवा."

मी चहा तसाच ठेवून चपला शोधू लागलो.

दमण-दीव आणि आम्ही सिल्वासावाले एकाच प्रशासनात आल्यापासून आमच्याकडे बदलीचे दोन प्रकार आहेत. दमणला गेलेला माणूस संध्याकाळी घरी येतो. दीवला गेलेला सणाला येतो. माझी बदली भगवंतरावांच्या एका शेऱ्यावर अवलंबून होती.

त्यांनी अजून वाचली नसेल, या आशेवर मी वर गेलो. नळाला पाणी येतंय का, असं कावेरीवहिनींना विचारलं. "तुमच्याकडे येतंय म्हणजे आमच्याकडेही येतंय, बसा," म्हणून त्या चहा टाकायला आत गेल्या. स्मरणिका टीपॉयवरच होती. मी ती शर्टाच्या आत, पाठीशी खुपसली. तेवढ्यात भगवंतराव बाहेर आले.

"वसंता, असा ताठ का बसलायस?"

"पाठ धरलीय साहेब."

"ते जाऊ दे, आधी माझं ऐक. बाम लावतो. वाक पुढे."

माझ्या नकाराला त्या घरात किंमत नव्हती. त्यांनी शर्ट वर केला आणि आतलं पुस्तक बाहेर ओढलं.

"ही स्मरणिका ना?"

"पाठीला आधार म्हणून," मी म्हणालो.

"अरे, लाजतोस काय? वाचली मी. मघाशीच ऑफिसच्या ग्रुपवर टाकली."

मला दीवचा समुद्र दिसू लागला.

"स्वतःवर असं लिहायला छाती लागते, वसंता."

"स्वतःवर?"

"तो चष्मा, ती काम निघालं की धरणारी कंबर, दुसऱ्याला बोलू न देणं. ग्रुपवर सगळे म्हणाले, हुबेहूब."

कावेरीवहिनी चहा घेऊन आल्या. "मला तर पहिल्याच पानावर कळलं, भावोजी."

मी दोघांकडे पाहिलं. खरं बोललो तर दीव, गप्प राहिलो तर सगळ्या सिल्वासात नीलकंठराव. लेखकाने सत्याची चाड धरावी, असं शिबिरात सांगतात. सांगणाऱ्याची बदली होत नसते.

"आपल्याला आवडली, यातच सगळं आलं," मी म्हणालो. भगवंतरावांनी माझ्या ठणठणीत पाठीला बाम चोळला. चोळता चोळता माझ्या गोष्टीत कुठे काय हवं होतं, तेही सांगितलं.

आग होणारी पाठ घेऊन मी खाली आलो. कुसुम वह्या तपासत होती.

"तुला तरी कळलं ना, नीलकंठराव कोण ते?"

"न कळायला काय झालं? लग्नाला एवढी वर्षं झाली." तिने लाल पेन खाली ठेवलं. "खरं सांगू? वाचून फार बरं वाटलं मला. कधीतरी स्वतःकडे पाहिलंत तुम्ही."

मी पाठ सांभाळत खुर्चीत टेकलो. तरी लेखकाची जात. मी विचारलंच, "पण गोष्ट म्हणून कशी वाटली?"

"चांगली आहे हो. फक्त शेवटी नीलकंठराव सुधारतात ना, तेवढंच पटत नाही."