तारेविना साधलेला वेग

ज्या गोष्टीला आकडा नाही ती अस्तित्वातच नाही. आणि ज्या आकड्याला टाळ्या पडल्या, त्याच्यामागे गोष्ट असण्याची गरज उरत नाही. आमच्या होबार्टच्या कंपनीने या सत्याची मनोभावे सेवा केली आहे.

आम्ही 'वॉलम' नावाची संगणकप्रणाली बनवतो. ती नेटवर्कवरून किती वेगाने माहिती पाठवते, हे मोजायचे ठरले. त्यासाठी सेकंदाला जास्तीत जास्त शंभर गिगाबिट पाठवणारे महागडे नेटवर्क-कार्ड आणले. गिऱ्हाईक तयारच होते: पश्चिम किनाऱ्यावरचे कुरांबीचे रुग्णालय. तिथे मेंदूचा डॉक्टर नाही. रोग्याच्या डोक्याचे स्कॅन होबार्टच्या डॉक्टरला वेळेत दिसावे, एवढीच त्यांची (काहीशी खेडवळ) अपेक्षा.

मोजणीप्रमुख टेरेन्स हे अत्यंत शास्त्रशुद्ध गृहस्थ. पहिल्या फेरीत आकडा अठ्ठावीस आला, म्हणून तो 'सराव' ठरला. मग अडथळ्यांचे निवारण करण्यात आले. सुरक्षाभिंत वेग खाते, काढली. आलेली माहिती बरोबर की चूक हे तपासण्यात वेळ जातो. तपासणी बंद (माणसाने विश्वास ठेवायला शिकावे). खऱ्या माहितीऐवजी नुसती शून्ये पाठवायची आणि घेणाऱ्याने ती न वाचता फेकून द्यायची, असा ठराव झाला. श्रोत्यांना घरी बसवले तर कीर्तनकारबुवाही अख्खे आख्यान पाच मिनिटांत उरकतील, त्यातलाच प्रकार. शेवटी पाठवणारा आणि घेणारा एकाच यंत्रात बसवले. अंतर हीच मोठी अडचण होती, ती मिटली.

समारंभाला लॅमिंग्टन केक होता. कुरांबीहून नोरीन सिस्टर मुद्दाम आल्या होत्या. पडद्यावर आकडा उमटला: एकशे एकेचाळीस! टाळ्या झाल्या.

"टेरी, अरे कार्ड शंभरचं आहे," आमची सहकारी ब्रिजेट म्हणाली. (हुशार आहे, म्हणून बढती नाही.) "आणि तार अजून खोक्यातच पडलीय!"

"बघ! म्हणजे त्या तारेपायी आपलं किती नुकसान होत होतं!"

नोरीन सिस्टर पुढे झाल्या. "साहेब, माझं हे एक स्कॅन तेवढं पाठवून दाखवा की."

"सिस्टर, खऱ्या कामाने मोजणी बिघडते."

"मग काय मेलं चाटायचंय त्या मोजणीला?"

"केक घ्या ना," टेरेन्स अदबीने म्हणाले.

रुग्णालयाच्या मंडळाने आकडा पाहिला आणि वॉलम घेतली. लवकरच शेवंड पकडणारा एक कोळी बोटीत डोक्यावर आपटला. टेरेन्सना नोरीन सिस्टरांचा फोन आला.

"साहेब, तिकडे डॉक्टरांना अर्धंच डोकं दिसतंय हो!"

"घाबरू नका. आधी वेग मोजा."

"मोजला. एकशे एकेचाळीस."

"मग झालं तर! प्रणाली ठणठणीत आहे."

"प्रणाली आहे हो, माणूस चाललाय!" असे म्हणून सिस्टरांनी फोन आपटला, स्कॅनची तबकडी रोग्याच्या उशाखाली सारली आणि त्याला हेलिकॉप्टरमध्ये घातले. माणूस वाचला. (हेलिकॉप्टरचा वेग गिगाबिटमध्ये येत नसल्याने अहवालात घेतलेला नाही.)

आपण हसलात, आनंद आहे. परवा फोनवर आईचा आवाज तुटत होता. "थांब गं, नेट बघतो," म्हणून आपण फोन ठेवलात आणि वेग मोजलात. आकडा झकास आला.

मग तिला पुन्हा फोन लावलात का?