पंखा बंद चालू आहे

शेख सरांनी माझ्या ऑफिसात सुरुवातीला चहाच घेतला नाही. कारण काय, तर बरणीवर ‘चहा’ लिहिलेलं आणि आत साखर. “शेठ, वस्तू एक, नाव दुसरं. इथे माझ्या घशाखाली घोट उतरत नाही.” शेवटी मी स्वतः चिठ्ठी बदलली.

ओझर रस्त्यावर माझं द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज आहे. मार्केटात क्रेट उचलत उचलत उभं केलंय. कुणाचं ऐकून घ्यायची मला सवय नाही. खोल्या गार ठेवणारं सॉफ्टवेअर आधीच कुणीतरी बसवलेलं होतं. सरांना बोलावलं ते फक्त नवी खोली त्याला जोडायला. दोन तासांचं काम. पण या गृहस्थांनी त्यातल्या सेटिंगांची नावं वाचली आणि कपाळाला हात लावला. एकाचं नाव होतं ‘पंखा बंद’, आणि त्यापुढे होतं ‘चालू’.

खोल्या सांभाळणाऱ्या मंगलाबाई म्हणाल्या, “पंखा बंद चालू हाय. मंग पंखा फिरतोय का थांबलाय, मला काय म्हाईत?”

“ऐकलंत?” सर म्हणाले. “बाईंना वाचून कळत नाही, तर ते नाव नाही, उखाणा आहे.”

त्यांनी नवं नाव काढलं: ‘दार उघडल्यावर पंखा थांबवायचा का?’ पुढे हो किंवा नाही.

“पाच शब्द? तिनात बसवा.”

“‘का’ काढतो. चार. त्याखाली उतरणार नाही.”

अशा पस्तीस नावांवर ऐन हंगामात माझे तीन दिवस गेले. तो राग अजून गेलेला नाही.

पुढच्या आठवड्यात सर मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले आणि त्याच सकाळी दोन नंबर खोलीचा पंखा थांबला. दार लावलेलं. आत तीन गावांची द्राक्षं, दुपारी कंटेनर येणार. सरांचा फोन लागेना. मी सगळ्यांवर आवाज चढवला.

“शेठ, वरडू नका, लिवलंय हितं,” मंगलाबाई म्हणाल्या.

स्क्रीनवर त्या चार शब्दांच्या नावाखाली बारीक ओळी होत्या. ‘घाबरू नका. दार लावूनही पंखा थांबला, तर दाराचा सेन्सर बिघडलाय. इथे “नाही” करा. माल वाचेल.’

बाईंनी ‘नाही’ केलं. पंखा फिरला.

मी बाकीची नावं वाचत बसलो. प्रत्येकाखाली पहिले शब्द तेच: घाबरू नका. कंटेनर भरून गेला, तशी मी गाडी काढली.

दवाखान्यात सर एका डोळ्यावर पट्टी बांधून बाकावर बसले होते. घरी न्यायला माणूस आल्याशिवाय सोडत नव्हते. फॉर्मवर ‘सोबत येणाऱ्याचं नाव’ रिकामं.

“हे का सोडलंत?”

“खोटं कुणाचं लिहू, शेठ?”

मी माझं नाव लिहिलं. नर्सनं पुढच्या ‘नातं’ रकान्यावर बोट ठेवलं, “पेशंटचे तुम्ही कोण?”

“गिऱ्हाईक.”

“गिऱ्हाईक चालत नाही हो, काका.”

सर विचारात पडले. पस्तीस नावांपैकी एकालाही इतका वेळ लागला नव्हता. या वेळी मी घाई केली नाही.

“‘आपले’ लिहा,” ते म्हणाले.