सूर्यचुलीची पालखी

रथसप्तमीच्या दिवशी, रविवारी सकाळी साडेआठला मधुसूदनरावांनी घरातला स्टोव्ह फडताळात कोंडला आणि फडताळाची किल्ली जानव्याला बांधली.

"आता रात्रीपर्यंत या घरात काडी पेटणार नाही," ते म्हणाले.

"अहो, पण एक वाजता दादा येतोय बिडकीनहून," यमुनाबाई म्हणाल्या. "त्याच्या पानात काय वाढू? ऊन?"

"ऊनच वाढायचं. शिजवून."

अंगणाच्या मधोमध ती पेटी ठेवली होती. बाहेरून पत्रा, आतून काळी कुळकुळीत, वर जाड काच आणि झाकणाला आतल्या अंगानं आरसा. सरकारी सवलतीत मिळालेली सूर्यचूल. रॉकेल नको, लाकूड नको, रेशनच्या रांगेत डबा घेऊन उभं राहणं नको. आठ दिवसांत पसंत पडली नाही तर दुकानदार परत घेणार होता, आणि आज सातवा दिवस होता.

मधुसूदनरावांना कंजूष म्हणणं म्हणजे गोदावरीला ओढा म्हणण्यासारखं होतं. औरंगपुऱ्यातल्या त्या गल्लीत त्यांच्या काटकसरीच्या गोष्टी बाया पोरांना भरवताना सांगत. ब्लेडनं उभी चिरून ते एका काडीच्या दोन करत. पाहुण्याच्या चपला परतीच्या वाटेला वाजल्या की मगच चहाचं आधण ठेवायला सांगत. शेजारी बशीरचाचाचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. त्याच्या ट्रान्झिस्टरवर ते भिंतीला कान लावून बातम्या ऐकत, आणि चाचानं ट्रान्झिस्टर पलीकडच्या कोनाड्यात ठेवला तेव्हा यांनी आपली खाट सरकवली होती.

यमुनाबाईंचे थोरले भाऊ केशवदादा म्हणजे या सगळ्यावर पडलेलं बिडकीनचं मीठ. अकरा वर्षं दरवेळी जेवून उठताना ते पानाकडे बघत आणि म्हणत, "यमे, भाऊजींनी तुला अगदी वाळवणाला घातलीय."

म्हणून पैज लागली होती. दादा एक वाजता येतील तेव्हा पेटीतलं गरम जेवण त्यांच्या पानात पडलं, तर पेटी घरात राहील. नाही पडलं, तर सोमवारी दुकान उघडताच पेटी परत, आणि स्वयंपाकघरात मधुसूदनरावांचं तोंड कायमचं बंद.

चार काळ्या डब्यांत तुरीचं वरण, भात, वांग्याची भाजी आणि गव्हाची खीर लावली. काच बसली. आरसा सूर्याकडे झाला. दहा मिनिटांत काचेवर वाफ धरली. यमुनाबाई हात लावायला गेल्या आणि "अगं बाई!" म्हणून बोट तोंडात घातलं.

"पाहिलंस? विस्तव नाही, धूर नाही!" मधुसूदनरावांचा आवाज देवळात गेल्यासारखा खाली आला. खरं सांगायचं तर पेटी चालेल यावर त्यांचाही पुरता विश्वास नव्हता.

पण दुकानदारानं पेटी दाखवली होती उघड्या मैदानात, आणि मधुसूदनराव राहत होते आप्पासाहेबांच्या तीन मजली घराच्या उत्तरेला. माघातला सूर्य दक्षिणेकडून कलत जातो. दहा वाजता तो आप्पासाहेबांच्या कठड्यामागं गेला आणि अंगणात चुना ओढल्यासारखी सावली आली. वरण नुकतं कुठं हलायला लागलं होतं.

"झालं," यमुनाबाई म्हणाल्या. "काढा किल्ली."

"सूर्य मावळला नाही. सरकलाय. आपणही सरकायचं!"

पलीकडच्या सारजाबाईची गच्ची एकमजली, पण ऊन होतं. सारजाबाईनं तिथं तुरी वाळत घातल्या होत्या. तिनं पेटीभोवती एक फेरी मारली.

"मधुभाऊ, ह्यात इस्तू कुठंय?"

"वर आभाळात."

"आन् त्यो फुकट हाय?"

"अगदी फुकट."

"फुकट म्हनं! आरं माझ्या बया!" सारजाबाईनं कपाळाला हात लावला. "मंग माझे मूठभर शेंगदाणेबी भाजून निघू द्या. गच्ची काय उगं देऊ व्हय?"

पेटी मध्येच उघडली की ऊब जाते, असं दुकानदारानं बजावलं होतं. पण गच्ची सारजाबाईची होती. काच उघडली, शेंगदाण्याचा डबा आत गेला, आणि ऊब भरून काढायला मधुसूदनरावांनी आरसा चांगला ताणून उभा केला.

तो आरसा जरा जास्तच उभा झाला. त्यातून उसळलेला उन्हाचा लोळ गल्ली ओलांडून थेट आप्पासाहेबांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या सज्जात शिरला. आप्पासाहेब तिथं दाढी करत बसले होते. नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालेला हा माणूस, आणि त्याची मिशी निजामाच्या वेळेपासूनची. संस्थान गेलं, रझाकार गेले, पोलीस अ‍ॅक्शन झाली, जिल्हा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला. मिशीचा केस हलला नव्हता. डोळ्यांत सूर्य घुसला तसा वस्तरा सटकला, आणि डावी मिशी साबणाच्या फेसासकट वाटीत पडली.

पाचव्या मिनिटाला आप्पासाहेब सारजाबाईच्या गच्चीवर. गळ्यात टॉवेल, हातात वस्तरा, तोंडावर एकच मिशी.

"कोण तो? कोणी केलं हे?"

 मधुसूदनरावांनी पेटीकडे बोट दाखवलं. आप्पासाहेब वाकले. काचेखाली वरण रटरटत होतं. भाताचे दाणे एकेक करून उभे राहत होते. वांग्याच्या फोडी तेल सोडत होत्या. त्यांनी पेटीखाली हात घातला. गार फरशी. पेटीच्या मागं पाहिलं. तुरी. मग मान वर करून सूर्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या हातातला वस्तरा आपोआप मिटला.

"चाळीस वर्षं कुळांचे दाखले लिहिले," ते हळूच म्हणाले. "असं काही पाहिलं नाही."

"आप्पासाहेब, तुमची मिशी..."

"मिशी उगवेल हो! हे शिजायला किती वेळ आहे अजून?"

"दीड तास. पण अकरा वाजता इथंही तुमच्या घराची सावली येणार."

आप्पासाहेबांनी छाती फुगवली. "माझ्या घराच्या सावलीनं कोणाचं अन्न कच्चं राहिलं, असं होणार नाही. चला माझ्या गच्चीवर. तिथं संध्याकाळपर्यंत ऊन आहे."

आता गच्च्या काही एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. खाली उतरायचं, गल्लीतून जायचं, तीन मजले चढायचे; आणि तेही पेटी तसूभर न कलवता, नाहीतर वरण खिरीत जायचं. बशीरचाचा दुकान टाकून आला.

"क्या बाबू, टीवी लाए क्या?" त्यानं काचेतून पाहिलं आणि दोन पावलं मागं सरला. "या अल्लाह! आग नै, धुआं नै, और दाल पक री!"

चाचानंच शिडी आणली. शिडी आडवी, तिच्यावर पेटी, चार कोपऱ्यांना मधुसूदनराव, चाचा आणि सारजाबाईचे दोन पैलवान भाचे. आडव्या शिडीवर काही नेताना बघणाऱ्याला भलतंच वाटू नये, शिवाय ऊबही धरून राहावी, म्हणून सारजाबाईनं घरातून आपली पिवळीजर्द इरकल साडी आणून पेटीवर पांघरली. पुढं एका मिशीचे आप्पासाहेब हात वर करून ओरडत होते, "हळू! सांभाळून! वाट सोडा!"

त्या दिवशी रथसप्तमी, म्हणजे संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस. गल्लीत बाया ताटं घेऊन घराघरांतून ये-जा करत होत्या. दारोदार रांगोळीत सात घोड्यांचा रथ. त्यातून पिवळ्या वस्त्रात झाकलेलं, उन्हात वाफा सोडणारं काहीतरी चार खांद्यांवरून पावलापावलानं येताना दिसलं. कोपऱ्यावरची चतुराबाई, वय नव्वदीच्या पुढं, ओट्यावरून उठली.

"कोनता देव हाय रं?"

"सूर्याची पेटी आहे आजी!" मधुसूदनराव धापा टाकत म्हणाले.

खोटं काहीच नव्हतं त्यात. चतुराबाईनं दोन्ही हात जोडले आणि रस्त्यातच डोकं टेकवलं. मग कोणी थांबतंय व्हय? पहिलं कुंकू इरकलीवर पडलं, मग हळद, मग तीळगूळ. कोणी पायावर पाणी घातलं, मधुसूदनरावांच्या. जिन्याच्या पहिल्या पायरीवर नारळ फुटला. पेटी आप्पासाहेबांच्या गच्चीवर पोहोचली तेव्हा मागं चाळीस माणसं होती.

इरकल निघाली, आरसा लागला. भरदुपारच्या त्या उन्हात पेटी अशी लखलखली की चतुराबाई "नारायणा!" म्हणून मटकन खाली बसली. पाऊण तास गच्चीवर कोणी खोकलंसुद्धा नाही. नुसती वरणाची रटरट आणि चाळीस माणसांचा श्वास. मधुसूदनराव स्वतः भारावून गेले होते. ज्याला आपण रॉकेल वाचवायचा डबा म्हणून आणलं, त्यात काय बसलं होतं!

एकाला पाच कमी असताना त्यांनी काच उचलली. वासाचा असा लोट उठला की खाली गल्लीत जाणारी सायकल थांबली. वरण लोण्यासारखं. भात मोकळा. खीर केशर न घालता केशरी. आणि सारजाबाईचे शेंगदाणे खरपूस.

"जिंकलो," मधुसूदनराव पुटपुटले. आणि त्यांनी मान वर केली, तर समोर चाळीस पसरलेले तळहात.

"परसाद," चतुराबाई म्हणाली.

यमुनाबाई गर्दीतून पुढं झाल्या. "अहो, दादाचं जेवण आहे ते!"

"मला कळत नाही का? पण नाही कसं म्हणू? आजीकडे बघ."

आजीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मधुसूदनरावांच्या तोंडून नकार निघेना. त्यांनी पळी घेतली. एकेका तळहातावर भात, वरण, वांग्याची फोड, खिरीचा ठिपका. रांग पुढं सरकत होती, कोणी मागून येऊन मिळत होतं. पंचेचाळिसावा तळहात ओळखीचा निघाला. दादा! एसटीतून उतरून ते गर्दीमागोमाग जिना चढत आले होते. डोळे मिटलेले, टोपी काढलेली. वाढणाऱ्याकडे न बघता त्यांनी प्रसाद तोंडात टाकला, हात डोक्याला पुसला आणि ते सरकले. त्यांच्या मागच्या माणसाला डब्याचं बूड खरवडून दिलं.

घरी आल्यावर मधुसूदनरावांनी जानव्याची किल्ली सोडली. यमुनाबाईंनी स्टोव्ह पेटवला. दोन वाजता दादांच्या पानात पिठलं-भाकरी पडली.

दादांनी घास उचलला.

"मधुसूदनराव," ते म्हणाले, "आज तुमच्या गल्लीत जे पाहिलं, ते जन्मात पाहिलं नव्हतं. विस्तव नाही, धूर नाही, आणि आख्खी गल्ली जेवली. कोण आहे हो तो माणूस? बघायचं राहूनच गेलं. जरा शिका त्याच्याकडून! नाहीतर तुम्ही."

मधुसूदनराव भाकरीचा तुकडा पिठल्यात फिरवत राहिले. मान वर झाली नाही. पैज गेली होती. यमुनाबाई गप्प राहिल्या असत्या, तर उद्या पेटी जात होती आणि स्वयंपाकघर सुटत होतं. त्यांनी नवऱ्याच्या टाळूकडे पाहिलं. तिथं कोणीतरी टाकलेलं कुंकू अजून होतं.

"दादा, पेटी ह्यांचीच आहे," त्या म्हणाल्या. "डाळ-तांदूळही ह्यांचे. सगळं तुझ्यासाठी शिजवलं होतं. लोकांनी हात पसरले, ह्यांनी देऊन टाकलं."

दादांचा घास पानात पडला. ते उठले, हात धुऊन आले आणि समोर उभे राहून त्यांनी धाकट्या भाऊजींना दोन्ही हात जोडले.

"अकरा वर्षं तुम्हाला काय काय बोललो," ते म्हणाले. "आणि तुम्ही स्वतःच्या पाहुण्याच्या तोंडचा घास... दर आदितवारी करता हे?"

मधुसूदनरावांकडे असं आजवर कोणी पाहिलं नव्हतं. कचेरीत नाही, सासुरवाडीत नाही, आरशातसुद्धा नाही. त्यांची मान ताठ झाली, छाती भरून आली, आणि जी जीभ उभ्या जन्मात एक शब्द उधळत नव्हती, ती बोलून गेली, "हो. दर आदितवारी."

खिडकीबाहेर बशीरचाचा रिकामी शिडी घेऊन चालला होता. तो थबकला. "हौ क्या बाबू? हर इतवार?" आणि शिडीसकट पळत गेला. गल्लीच्या टोकापर्यंत त्याचा आवाज ऐकू येत राहिला.

मधुसूदनरावांचा चेहरा भाकरीच्या पिठासारखा झाला. त्यांनी यमुनाबाईंकडे पाहिलं. सुटका करील तर हीच करील. यमुनाबाईंनी भावाला आणखी एक भाकरी वाढली, पदर खोचला आणि त्या शांतपणे म्हणाल्या, "मग अहो, एका पेटीत कसं भागायचं? उद्या दुकान उघडलं की आणखी दोन घेऊन या."