रग बघणारे बनसोडे मामा

बनसोडे मामांना माणसाचं तोंड लक्षात राहत नाही, हात राहतो. नमस्कार केला तरी त्यांची नजर आपल्या कोपराच्या खळगीत. मी तेरच्या शाळेत नवीन होतो तेव्हा शेजारी म्हणून ओळख करून द्यायला गेलो, तर नाव सांगायच्या आधीच म्हणाले, "डाव्या हाताची रग झकास हाय तुमची, मास्तर. काळजी नको." कसली काळजी, ते मला बरेच दिवस कळलं नाही.

रग म्हणजे शीर. मामांची सगळी नोकरी सरकारी दवाखान्यांत रक्त काढण्यात गेली. रिटायर झाले, सुई सुटली. नजर सुटली नाही. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी जिलबी वाढणाऱ्याचं मनगट धरलं आणि दोरीसारखी शीर कशी असते ते आम्हा सगळ्यांना दाखवलं. पुढची अख्खी ओळ जिलबीविना ताटकळली.

धाराशिवच्या बसमध्ये तर त्यांनी कंडक्टरच्या पोटरीवर भाषण दिलं. दिवसभर उभं राहून पायाच्या शिरा फुगतात, म्हणाले. आत बारीक पडदे असतात, वर चढलेलं रक्त ते खाली येऊ देत नाहीत; पण ते थकले की रक्त साचतं. म्हणून पोटरी हलवत राहायची, ती रक्ताला वर ढकलते. हल्ली तो कंडक्टर तिकिटं फाडताना टाचा वरखाली करतो.

एकदा मी त्यांना सातवीच्या वर्गावर नेलं. मामा सांगू लागले, धमनीची भिंत जाड, कारण काळजाचा धक्का तिला सोसायचा असतो. शिरेची पातळ, कारण तिथवर येईतो रक्ताचा जोर सरलेला असतो. आणि दोघींच्या मधे केसाहून बारीक वाहिन्या. "तिथनं रक्ताच्या पेशी एकामागं एक जात्यात, बसच्या दारातनं उतरल्यागत. समदी देवाणघेवाण तिथंच." त्या दिवशी पोरं सुट्टी होईपर्यंत एकमेकांची मनगटं दाबत होती.

या उन्हाळ्यात माझ्या आईला जुलाब-उलट्या झाल्या. दोन दिवस ती अंगावर काढत राहिली, तिसऱ्या दिवशी सकाळी तिला उठताच येईना. गावातल्या दवाखान्यात नेलं. सलाईन लावायला हवं होतं, पण शीर सापडेना. सिस्टर नवीन होती, तिनं चारदा टोचलं. आईनं हूं की चूं केलं नाही, याचीच मला भीती वाटली. डॉक्टर म्हणाले, आणखी एकदा बघू, नाहीतर लगेच सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात. सोलापूर म्हणताच मी बाहेर आलो. मी मामांना फोन केला.

मामा आले ते घाईत नव्हते. अंगातलं पाणी गेलं की शिरा चपट्या होतात, पोरी, तुझा काही दोष नाही, हे त्यांनी आधी सिस्टरला सांगितलं. मग गरम पाण्यात पिळलेलं फडकं आईच्या हाताला गुंडाळलं आणि हात खाटेच्या कडेवरून खाली लोंबता सोडला. थोड्या वेळानं फडकं काढून, दंडाला पट्टा बांधून, डोळे मिटून बोट फिरवत राहिले. कोपर सोडलं, मनगट सोडलं. मधेच थांबले.

"हितं हाय. जरा हलती हाय. खालनं कातडी ताणून धर, बाळा, आन् घाल."

"तुम्हीच घाला ना, मामा," सिस्टर म्हणाली.

"न्हाय. रिटायर माणसानं सुई धरू नये. आन् तुजा हात बसला पायजे."

तिनं सुई घातली. सुईच्या मागं गडद लाल थेंब आला. मामांनी नुसती मान हलवली. सलाईन टपटपू लागलं तेव्हा सिस्टर भिंतीला टेकून रडली, आणि मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

दुपारी आईला लघवी झाली. डॉक्टर म्हणाले, अंगात पाणी भरलं, आता चिंता नाही. असली बातमी मी बहिणीला फोनवर इतक्या आनंदानं सांगेन, असं कधी वाटलं नव्हतं.

मामा मात्र सकाळपासून आईच्या खाटेजवळ स्टुलावरच होते, दोन बोटं तिच्या नाडीवर ठेवून. मी म्हणालो, मामा, आता ती बरी आहे, तुम्ही घरी जाऊन जेवा, पडा जरा. त्यांनी बोटं उचलली नाहीत. मी पुन्हा म्हटल्यावर हळूच म्हणाले, "मंडळी गेल्यापासनं घरात माज्या एकट्याचीच नाडी हाय, मास्तर. ती किती येळा बघायची?"

आई झोपली आहे असंच मी समजत होतो.

"बसू दे त्यांना," डोळे न उघडता ती म्हणाली. "मला बरं वाटतंय."