भिंत आणि बुलडोझर

"शनिवारी आत घुसून खेळलास तर टीममध्ये, नाहीतर घरी बसून टीव्हीवर मॅच बघायची," असं कोचने तोंडावर सांगितलं, तेव्हा लांबू खाली बघत उभा होता. तसा तो कोणाशीही बोलताना खालीच बघायचा. उंचीच तेवढी होती. एवढी उंची असून हा पठ्ठ्या बास्केटपासून लांब उभा राहून चेंडू फेकायचा. कुणी धक्का मारला तर "सॉरी" हाच म्हणायचा. बास्केटकडे पाठ करायची, मागच्या गड्याला पाठीने रेटत आत न्यायचं आणि गर्रकन वळून चेंडू टाकायचा, याला पोस्ट-अप म्हणतात. लांबूला ते काही केल्या जमत नव्हतं.

म्हणून कोचने गुरुवारी सकाळी दोन निवृत्त महारथी बोलावले. एकाला त्याच्या काळात 'बुलडोझर' म्हणत, दुसऱ्याला 'भिंत'. तीस वर्षांपूर्वीच्या एका फायनलमध्ये बुलडोझरने भिंतीला हलवलं की नाही, या राष्ट्रीय महत्त्वाच्या प्रश्नावर दोघांचं अजून एकमत झालेलं नव्हतं. त्यांना समोरासमोर उभं करून कोच निर्धास्तपणे चहाला गेला.

"नीट बघ," बुलडोझरसर म्हणाले आणि वाकून त्यांनी भिंतसरांच्या छातीला पाठ लावली. "आता मी याला मागे नेतो."

"ने की. तीस वर्षं वाट बघतोय," भिंतसर म्हणाले.

बुलडोझरसरांनी रेटा दिला. कट्ट असा आवाज आला. लगेच आणखी एक कट्ट. त्यानंतर बराच वेळ काहीच झालं नाही.

"सर, पुढची स्टेप?" पाच मिनिटांनी लांबूने भीत भीत विचारलं.

"घाई कसली? पाया पक्का होऊ दे!" बुलडोझरसर जमिनीकडे बघत ओरडले.

मग त्यांच्या खिशातला फोन वाजला. "लांबू, तू घे. माझं लक्ष खेळावर आहे."

पलीकडे त्यांची बायको होती. "बाळा, त्यांना वाकू देऊ नकोस हं. कंबर धरली की दोन दोन दिवस सरळ होत नाहीत."

"सर, कंबर धरलीय का?"

"छे! यानं हरलो म्हणावं, मग उठतो मी."

भिंतसरांनी लांबूला खुणेने जवळ बोलावलं. "गुडघा अडकलाय रे," ते कुजबुजले. "हा बाजूला झाला तर मी आडवाच होणार. पण याला सांगू नकोस."

"ऐकू येतंय मला," खालून आवाज आला.

तेवढ्यात बाहेर कोच खाकरल्याचा आवाज आला. दोन्ही महारथींचे चेहरे उतरले. "आमची अब्रू तुझ्या हातात आहे, बाळा!" दोघे एकदम म्हणाले.

हातात कसली, पाठीवर होती. लांबू दोघांच्या मध्ये शिरला. पुढे बुलडोझरसरांना पोटाशी धरलं, मागे भिंतसरांना पाठीवर पेललं आणि गुडघे वाकवून बास्केटखालच्या बाकाकडे उलटा निघाला. भिंतसर त्याची कंबर धरून एका पायावर मागे मागे सरकत होते. वजन कुठे झुकतंय ते पाठीनेच ओळखायचं होतं. चुकलं की महारथी फरशीवर. "सावकाश सर, बाक आलाच," असं म्हणत त्याने भिंतसरांना अलगद टेकवलं, गर्रकन वळला आणि बुलडोझरसरांना शेजारी ठेवून दिलं.

"शाब्बास!" दारातून कोच ओरडला. "दोन वर्षं मी घसा फोडला, आणि यांनी चहा संपायच्या आत शिकवलं! याला म्हणतात अनुभव!"

महारथींनी नम्रपणे माना डोलावल्या. तेवढ्याच हलत होत्या.

शनिवारी समोरच्या टीमचा आडदांड गडी लांबूच्या पाठीवर रेलला. सवयीने लांबूचे गुडघे वाकले आणि तोंडून निघून गेलं, "सावकाश सर, बाक आलाच." तो बिचारा बाक कुठे म्हणून मागे बघायला लागला, तोवर लांबू वळून चेंडू टाकून मोकळा. पुढे शब्दांची गरजच उरली नाही. वजन झुकलं की पाठीला कळायचं. त्या दिवशी लांबूची टीममधली जागा पक्की झाली. आयुष्यात पहिल्यांदाच तो कुणाला सॉरी म्हणाला नव्हता.

पहिल्या रांगेत गरम पाण्याची पिशवी आणि गुडघ्याचा पट्टा शेजारी शेजारी बसले होते.

"माझा रेटा आहे हा!" बुलडोझरसर म्हणाले. "परवा तू हललास ना, तो बघून शिकला पोरगा."

"मी? तू हललास! ए लांबू, इकडे ये. खरं सांग, आधी कोण हललं?"

लांबूने घाम पुसला आणि दोघांकडे खाली बघितलं.

"सर, तुम्ही दोघंही नाही. हललो तो मी एकटाच."